दारूगोळ्याच्या डेपोत बंब पोसणं परवडतं का?

तळवड्याकडे घर असलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. देहूरोडच्या लष्करी दारूगोळा डेपोभोवतीच्या रेड झोनमुळे, म्हणजे बांधकामबंदीच्या पट्ट्यामुळे, त्यांचं बांधकाम अडकलंय. ते विचारतात: लष्कर एवढी जमीन अडवून ठेवतं, वर स्वतःचे बंब आणि स्वतःचे फायरमन पोसतं, आणि वर्षानुवर्षं आग काही लागत नाही. या खर्चाचा कुणी हिशोब करतं का? हे काम महापालिकेच्या अग्निशमन दलाला किंवा एखाद्या कंपनीला का देत नाहीत?

माझी नोकरी याच कामात गेली. आधी फायरमन, मग लीडिंग फायरमन, शेवटी सुपरवायझर. डेपो पाहिले, धावपट्टीवरचे क्रॅश टेंडर, म्हणजे विमानांच्या आगीसाठीचे बंब, पाहिले, गोदीतही काही वर्षं काढली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

हिशोब होतो, पण अर्धाच होतो. खर्चाची बाजू दर मार्चला टेबलावर येते: इतके पगार, इतकं डिझेल, इतके होज बदलले, गवत कापायला इतके. धोक्याची बाजू कुठल्याच हेडखाली, म्हणजे खर्चाच्या शीर्षाखाली, येत नाही. न लागलेल्या आगीची पावती मिळत नाही, म्हणून कात्री चालवायची वेळ आली की ती आमच्या हेडवर पहिली फिरते. आणि आमच्यातही आधी जातं ते सगळ्यात स्वस्त असलेलं काम. बंब नजरेत भरतो, त्याची पूजा होते, पाहुणे आले की त्याच्यासमोर फोटो निघतो, त्यामुळे तो सहसा वाचतो. गवत कापणं जातं.

हे मी चेष्टेने म्हणत नाही. २८ एप्रिल २००० रोजी राजस्थानात भरतपूरच्या दारूगोळा डेपोत आग लागली. गवताची आग साठ्यापर्यंत पोहोचली आणि पावणेचारशे कोटींच्या आसपासचा दारूगोळा गेला. तोही कारगिलच्या दुसऱ्याच वर्षी, जेव्हा दारूगोळ्याची चणचण आधीच होती. नंतर महालेखापरीक्षकांच्या अहवालातून बाहेर आलं की काटकसर म्हणून दोन वर्षं तिथलं गवत कापलंच नव्हतं. पुढच्या वर्षी, २००१च्या एप्रिल-मे महिन्यांत, पठाणकोटजवळ मामून आणि सुरतगडजवळ बिरधवाल इथेही साठ्यांना आगी लागल्या. तिन्ही घटना ऐन उन्हाळ्यातल्या.

गवताचं प्रकरण बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटतं, म्हणून जरा जवळून सांगतो. हजारो एकरांचा डेपो म्हणजे मुळात एक कुरण असतं. शेड एकमेकींपासून लांब, मधे मोकळी जमीन, आणि त्या जमिनीवर पावसाळ्यानंतर कमरेएवढी कुसळी. ऑक्टोबरात ती हिरवी दिसते, कुणाला काही वाटत नाही. फेब्रुवारीत पिवळी पडते. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता तिच्यातून चाललात तर पायाखाली कुरकुर वाजते आणि पँटला शंभर कुसळं लागतात. वरून जाणाऱ्या विजेच्या तारांचा एखादा झोल वाऱ्याने घासला तरी पुरतं. म्हणून दोन कापण्या लागतात, एक पाऊस संपल्यावर आणि एक फेब्रुवारीत. शिवाय प्रत्येक शेडभोवती जाळरेषा, म्हणजे खरवडून उघडी केलेली जमिनीची पट्टी.

मी होतो त्या एका ठिकाणी पूर्वी आसपासचे शेतकरी बैलगाड्या घेऊन यायचे, गवत कापायचे आणि वैरण म्हणून घेऊन जायचे. डेपोला खर्च शून्य. मग सुरक्षेच्या कारणाने ते बंद झालं, आणि ते बरोबरच होतं. पण फुकट होणारं काम आता पैशाचं झालं, त्याची निविदा निघायला लागली. एका वर्षी फाइल शेऱ्यासह परत आली: मागील वर्षी आगीची एकही घटना नसताना दुसऱ्या कापणीची आवश्यकता स्पष्ट करावी. आमच्या साहेबांनी फाइल माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाले, ‘काय लिहू याच्यावर?’ घटना नाही कारण कापणी झाली, हे सरकारी भाषेत लिहायला मला आणि त्यांना अख्खी दुपार लागली. मंजुरी आली तेव्हा मार्च संपत आला होता. त्या वर्षी आम्ही जीव मुठीत धरून उन्हाळा काढला, रोज संध्याकाळी गवताची आग झोडपायच्या ओल्या गोणपाटांच्या झोडण्या घेऊन बांधावर फेरी.

आता मुद्द्याचं. साध्या आगीत आणि आमच्या आगीत फरक वेळेचा आहे. घराला आग लागली तर उशीर झाला की नुकसान वाढत जातं. दारूगोळ्याच्या शेडमध्ये एक क्षण असा येतो की त्याच्या आधी माणूस आग विझवत असतो आणि त्याच्यानंतर तो माणूसच नसतो. तो क्षण कधी येणार हे बाहेरून दिसत नाही.

मुंबईकरांना १४ एप्रिल १९४४ ठाऊक असतो. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन जहाज उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, आणि त्यांच्यासोबत कापसाच्या गाठी आणि तेलाची पिंपं. युद्धकाळात जहाजांत जागा मिळत नव्हती, म्हणून एरवी कुणी एकत्र भरला नसता असा माल कराचीत एकत्र भरला गेला. जागेची काटकसर, दुसरं काय. कापसाने पेट घेतला. बंबवाले तास-दीड तास पाणी मारत राहिले, आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. आपल्याकडे १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी.

दुसरं उदाहरण अमेरिकेच्या फॉरेस्टल या विमानवाहू नौकेचं, २९ जुलै १९६७, व्हिएतनामचा किनारा. डेकवरच्या एका विमानातून रॉकेट आपोआप सुटलं, समोरच्या विमानाची इंधनटाकी फुटली, आग लागली. अग्निशमनाची शिकवलेली तुकडी धावली. नवे बॉम्ब अशा आगीत काही मिनिटं तग धरतात, त्यामुळे तेवढा वेळ हाताशी आहे हा त्यांचा हिशोब. पण नवे बॉम्ब कमी पडल्यामुळे आदल्याच दिवशी जुने, गळके बॉम्ब जहाजावर चढवले होते. पहिला बॉम्ब दीड मिनिटात फुटला. शिकवलेली माणसं पहिल्याच फटक्यात गेली, आणि उरलेली आग स्वयंपाकी, कारकून, मेकॅनिक यांनी विझवली. एकूण १३४ मेले.

आणि तिसरं आपल्या वर्ध्याचं. ३१ मे २०१६ची मध्यरात्र उलटून गेलेली, पुलगावचा केंद्रीय दारूगोळा डेपो. दोन अधिकाऱ्यांसह किमान १६ जण गेले, आणि त्यांत मोठा वाटा होता डेपोच्याच अग्निशमन कर्मचाऱ्यांचा. आगरगावसारख्या शेजारच्या गावांतून लोकांना रातोरात हलवावं लागलं. रणगाडाविरोधी सुरुंगांमधून टीएनटी हे स्फोटक झिरपत होतं, ही गोष्ट पुढे चौकशीच्या निमित्ताने चर्चेत आली. हे झिरपणं म्हणजे काय ते सांगतो. शुद्ध टीएनटी ८० अंशांच्या वर वितळतं. पण त्यात अशुद्धी राहिली तर ती अशुद्धी आणि टीएनटी मिळून फार कमी तापमानाला वितळणारं मिश्रण तयार होतं. विदर्भातला मे, पत्र्याखालची हवा, आणि सुरुंगाच्या सांध्यातून काकवीसारखा तपकिरी, चिकट ओघळ बाहेर येतो. तो खोक्याच्या लाकडात मुरतो. मग ते लाकूड लाकूड राहत नाही.

तिन्ही ठिकाणी आग विझवायला गेलेलेच आधी गेले. आणि तिन्ही ठिकाणी खरा निर्णय बंब निघण्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच टेबलावर घेतला होता. कुठला माल कुठल्या मालाशेजारी ठेवायचा, जुना साठा वापरायचा की टाकून द्यायचा. म्हणून खर्च-जोखमीच्या बैठकीत कुणी ‘आपल्याकडे बंब किती?’ असं विचारलं की मला वाटतं, घोडं भलत्याच ठिकाणी बांधलंय. साठा काय आहे, किती जुना आहे आणि एका छपराखाली किती आहे, हे आधी. बंब नंतर.

इथेच तुमचा रेड झोन येतो. स्फोटकांपासून वस्ती किती लांब हवी याचं एक सूत्र जगभर वापरतात: स्फोटकाच्या किलोंचं घनमूळ काढायचं आणि त्याला एका गुणकाने गुणायचं. एकदम फुटणाऱ्या मालासाठी, राहत्या घरांकरता नाटोच्या पद्धतीत तो गुणक २२.२ आहे. ८ टनांचं म्हणजे ८००० किलोंचं घनमूळ २०, अंतर ४४४ मीटर. ६४ टनांचं घनमूळ ४०, अंतर ८८८ मीटर. म्हणजे माल आठपट, अंतर फक्त दुप्पट. उलट वाचलं तर हेच तुमच्या विरोधात जातं: अंतर निम्मं करायचं तर साठा एक-अष्टमांश करावा लागेल. रेड झोनची रेषा मात्र या सूत्रातून निघत नाही. ती १९०३च्या संरक्षण बांधकाम कायद्यातली आहे, त्यात २०००, १००० आणि ५०० यार्ड असे सरसकट टप्पे आहेत. २००० यार्ड म्हणजे सव्वाअठराशे मीटर. ते टप्पे किल्ल्यांच्या काळातले आहेत, हे मला मान्य आहे. पण शेडमधला माल बदलल्याशिवाय नुसती रेषा मागे घ्या म्हणणारा पुढारी तुम्हाला घर देत नाही, धोका देतो. आणि कितीही बंब आणले तरी ते अंतराची जागा घेऊ शकत नाहीत. अशा शेडच्या दारावर अष्टकोनी पाटी असते, त्यावर १चा आकडा. त्या पाटीचा अर्थ फायरमनला पहिल्या आठवड्यात शिकवतात: आतला माल पेटला असेल तर लढायचं नाही, मागे फिरायचं.

मग फायरमन कशाला, असं तुम्ही विचाराल. माल पेटण्याआधीच्या दहा मिनिटांसाठी. गवत, तार, ट्रकचं इंजिन, पॅकिंगचं लाकूड, एवढ्यावर आग असेतो ती आमची असते. तिथे माणसं कमी करून चालत नाही, आणि नेमकं तिथेच गणित चुकतं. आठवड्याचे तास १६८. माणूस ४८ तास काम करतो. म्हणजे एक जागा चोवीस तास भरायला साडेतीन माणसं, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की साडेचार ते पाच. बंबावर पाच जण हवेत तर पटावर तेवीस-पंचवीस. वरच्या कार्यालयात हा आकडा बघून भुवया उंचावतात: एका गाडीला पंचवीस माणसं? मग कुणीतरी सुचवतं की पाचाऐवजी चार ठेवा, कागदावर पाच पगार वाचतात. पण एक ड्रायव्हर पंपावर गुंतला, दोघे श्वसनयंत्र चढवून आत गेले, तर बाहेर एकच उरतो. आतले दोघे अडकले तर त्यांना आणायला जाणार कोण? चार जणांचा बंब प्रत्यक्षात बाहेरून पाणी मारणारा बंब होतो. पाण्याचंही तसंच. गाडीत ४५०० लिटर असतं आणि पंप मिनिटाला १८०० लिटर फेकतो. अडीच मिनिटांत टाकी कोरडी. म्हणजे शेडजवळचा पाण्याचा हौद भरलेला आहे का, त्यात शेवाळ आणि बेडूक आहेत की पाणी आहे, हे गाडीच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं. हौद साफ करायला दोन मजूर आणि एक दिवस लागतो. पण तो खर्च ज्या हेडखाली येतो तो बांधकामवाल्यांचा, आमचा नव्हे, आणि मग पत्रव्यवहार सुरू होतो.

गोदीतला अनुभव वेगळा. जहाज समुद्रात असतं तेव्हा त्याचं रक्षण सगळं खलाशी मंडळ करतं. दुरुस्तीला आलं की ते सगळ्यात उघडं पडतं: वेल्डिंग चालू, दारं उघडी, पाइप काढलेले, माणसं अर्धी रजेवर. १९४२मध्ये न्यूयॉर्कला नॉर्मंडी हे प्रवासी जहाज सैन्यासाठी बदलत होते. ठिणगी लाइफ जॅकेटांच्या ढिगावर पडली. जहाजावर उत्तम अग्निरक्षक यंत्रणा होती, पण कामासाठी बंद केलेली. शेवटी विझवायच्या पाण्याच्याच वजनाने जहाज कलंडलं. वाटलं असेल की हा धडा कायमचा शिकले. १२ जुलै २०२० रोजी सॅन दिएगोत बोनोम रिचर्ड या युद्धनौकेला दुरुस्ती चालू असताना आग लागली. अमेरिकी नौदलाच्याच चौकशीत आलं की जहाजावरची ८७ टक्के फायर स्टेशनं, म्हणजे आग विझवायच्या नळ-पाइपांची ठिकाणं, वापरात नव्हती, आणि आग विझवणारा फेस सोडायचं बटण कुणी दाबलंच नाही. चार दिवस जळली. दुरुस्तीचा अंदाज अडीच ते तीन अब्ज डॉलरांच्या वर गेला, म्हणून सुमारे ३७ लाख डॉलरांना भंगारात विकली. आपल्याकडेही २१ जुलै २०२४ला मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीला उभ्या असलेल्या आयएनएस ब्रह्मपुत्रा या युद्धनौकेला आग लागली, जहाज एका कुशीवर कललं आणि एक नौसैनिक गेला. वेल्डरच्या मागे बादली आणि एक्स्टिंग्विशर घेऊन उभा राहणारा फायर वॉच, काम संपल्यावरही काही काळ तिथेच थांबणारा, हा गोदीतला सगळ्यात स्वस्त माणूस. ठेकेदाराचं बिल तपासताना सगळ्यात आधी ‘हा दिवसभर उभा राहून काय करतो?’ असं याच्याबद्दलच विचारतात.

पैसा ओतला की धोका कमी होतोच असंही नाही, हे आमच्या लोकांना मान्य करायला जड जातं. विमानांच्या हँगरमध्ये छतातून फेस सोडणाऱ्या महागड्या यंत्रणा बसवतात. जानेवारी २०१४मध्ये फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळावर अशी यंत्रणा आग नसताना सुरू झाली, हँगर फेसाने भरला आणि एक माणूस त्यात गेला. नंतर अमेरिकी हवाई दलाने हँगरमधल्या फेसापासून माघार घ्यायचं ठरवलं. शिवाय जुन्या फेसातली फ्लोरिनची रसायनं जमिनीत उतरून विहिरींत गेली, ती निस्तरायचा खर्च आता अब्जावधी डॉलरांत आहे. तो फेस आणण्यामागे फॉरेस्टलसारख्या आगींचा धडा होता. तेव्हाच्या हिशोबात भूजलाचा रकाना नव्हता. म्हणून माझ्याकडे कुणी खरंच काटकसर सुचवा म्हणून आलं तर मी आधी अशा जड यंत्रणांकडे बोट दाखवीन. एकाच कामाच्या दोन गाड्या, देखभाल न होणारी आयात उपकरणं, हेही त्यात. झोडण्या, हौद आणि जाळरेषा यांना हात लावू देणार नाही.

महापालिकेचं दल? ते हवंच, पण कुंपणाबाहेर आणि राहत्या वसाहतीसाठी. शेजारधर्माचे करार असतात, सरावही एकत्र व्हायला हवेत. पण कुठल्या शेडमध्ये काय आहे हे बाहेरच्या दलाला सांगता येत नाही, आणि ते ठाऊक नसलेल्या माणसाला त्या अष्टकोनी पाटीपुढे उभं करणं हा गुन्हा आहे.

कंपनीचा प्रश्न जास्त खरा आहे, कारण तो प्रयोग झालाय. ब्रिटनने २०१९मध्ये संरक्षण तळांवरचं अग्निशमन कॅपिटा कंपनीला दिलं, १२ वर्षांचा करार, ५२.५ कोटी पौंडांचा. तिथे खासगी म्हटलं की सगळं वाईट असं मी म्हणणार नाही. नव्या गाड्या आणि प्रशिक्षणासाठी एकरकमी पैसा मिळणं ही सरकारी दलाला न मिळणारी चैन आहे. माझी अडचण वेगळी. करारात मोजता येईल तेवढंच लिहितात: किती मिनिटांत गाडी पोहोचली, किती माणसं हजर होती. ‘साहेब, या शेडमध्ये हा माल नको’ असं कर्नलसमोर उभं राहून सांगणं करारात बसत नाही. आमच्यातला म्हातारा फायर मास्टर ते सांगायचा, कारण त्याची पेन्शन कर्नलच्या हातात नव्हती. कराराचं नूतनीकरण मागणारा ठेकेदार ते सांगेल का, याची मला शंका आहे.

तुमच्या रेड झोनवर खरा उतारा एकच दिसतो: जुना, मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करून साठा हलका करणं. त्याने घनमूळ खाली येतं, पहाऱ्याचा आणि अग्निशमनाचा खर्चही कमी होतो. आणि तेच काम सगळ्यात धोक्याचं. २० नोव्हेंबर २०१८च्या सकाळी पुलगावच्याच परिसरात, सोनेगावच्या मैदानावर, असा मुदत संपलेला माल नष्ट करण्यासाठी उतरवत असताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यांतले बहुतेक ठेकेदाराने रोजावर आणलेले, आसपासच्या गावांतले मजूर होते.